बाहीचं बटण

स्वमग्न मुलांना एकट्याने फिरता यावं म्हणून मी एक घड्याळ बनवलं. ते मनगटावर थरथरतं आणि पुढची पायरी दाखवतं. एका वेळी एकच. आज माझी लेक ते घालून पहिल्यांदा एकटी बसने निघाली.

"घड्याळ तूच बनवलंस ना? मग गप घरी बस," बायकोनं बजावलं होतं. पण मला राहवलंच नाही. टोपी घालून मी त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसलो.

लहानपणी बसमध्ये ती माझ्या बाहीचं बटण मुठीत धरायची आणि उतरेपर्यंत पिरगाळायची. एकाही शर्टाला ते टिकलं नाही. "आता लोखंडाचीच लावते," म्हणत बायको पुन्हा सुई-दोरा घ्यायची. आठवून मला एकट्यालाच हसू आलं.

समोर पाहिलं, तर तिची सीट रिकामी! मी ताडकन उठलो. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. लेकीचा मेसेज होता.

"बाबा, आपला स्टॉप गेला. घाबरू नकोस."

पुन्हा थरथरला. "पुढच्या स्टॉपला उतर."

पुन्हा. "रस्ता ओलांडून परतीची बस पकड. मी बाकावर थांबलेय."

आणि शेवटी, "टोपी काढ. वाईट दिसते."

उतरताना माझा हात आपसूक बाहीकडे गेला. बटण जागच्या जागी होतं.