डबीतला समुद्र

तपासणीच्या ट्रेमधून धुरीबाईंनी कामतची डबी उचलली. आठ दिवस किनाऱ्यावर बसून त्याने आडबंदरचा अख्खा समुद्र, लाटांच्या गारव्यासकट, तिच्यात टिपून घेतला होता.

आडबंदरला विमान यावं म्हणून विमानतळाच्या या व्यवस्थापकबाई अकरा वर्षं विमान कंपन्यांकडे खेटे घालत होत्या. शेवटी एक आलं, आणि त्यातून उतरला डब्या विकणाऱ्या कंपनीचा हा एकटा कामत!

"मॅडम, लोक आता घरीच डबी डोक्याला लावून सुट्टी घालवतात," तो म्हणाला. "विमानं हवीत कशाला?"

"शंभर मिलिलिटरच्या वर पाणी विमानात नेता येत नाही."

"यात पाण्याचा थेंबही नाही हो!"

"मग समुद्र म्हणून काय विकताय? ही राहील इथेच. ज्यांना भिजायचंय, त्यांना विमानात बसवून आणा."