सगळ्यात वरचं घर

डोंगरावरच्या त्या वाडीत टॉवर नव्हता. थेट सामना पायथ्याच्या घरापासून एकेका फोनमधून वर चढायचा. प्रत्येक फोन स्वतः दाखवता दाखवता पुढच्या घराला क्षणभर उशिराने चित्र द्यायचा. सगळ्यात वरचं घर यमुनाबाई भांगऱ्यांचं. त्यांची लेक रखमा आज नैरोबीत खो-खोचा अंतिम सामना खेळत होती.

शेवटची दोन मिनिटं उरली. चित्र जरा अडखळलं, तशी शेजारच्या चांगुणाकाकूंनी अंगणातून हाक दिली, "अगं, फोन बंद करा सगळ्या! आधी तिच्या आईला नीट बघू द्या."

वाडीने मोठ्या मनाने फोन बंद केले. यमुनाबाईंचा पडदा काळा झाला.

"अगं बाई! जिंकली का हरली, आता कसं कळायचं मला?" त्या रडकुंडीला आल्या.

सोबत बसलेल्या, अंगणवाडीच्या जुन्या सेविका भीमाताई हसल्या. "चांगुणा, विहिरीवरून हातोहात घागर वर येतीय, आणि मधल्या बायका घरी गेल्या तर?"

"घागर खालीच राहील की!" काकूंनी जीभ चावली आणि उतारावर धावत ओरडल्या, "लावा गं, लावा! तुम्ही बघाल तरच तिला दिसेल!"

चित्र उजळलं. जिंकायला एकच खेळाडू बाद करायची राहिली होती आणि रखमा तिच्या मागे सुटली होती. इतक्यात पायथ्याच्या घरात आरोळी उठली, मग मधल्या घरांत, मग शेजारी.

"गप्प बसा गं!" यमुनाबाई हसत-रडत म्हणाल्या. "मला बघू तर द्या!"

आणि त्यांच्या पडद्यावर रखमाने सूर मारला.