शिशातली अकरा नावं

तिसरं बोट मोडलं तेव्हा छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी गुरासारखा ओरडला, पण तोंडातून एकही नाव निघालं नाही.

"यादी कुठंय?" हातोडीवाल्याने पुन्हा विचारलं.

खण उपसून झाले होते, कागद फाडून झाले होते. अकरा माणसांनी मिळून कष्टकऱ्यांचा पक्ष काढला होता. ना कुठल्या मालकाचा, ना कुठल्या देवाचा. त्यात दोन्ही धर्मांची माणसं होती, म्हणून दोन्हीकडचे दंगेखोर त्यांच्यावर डूख धरून होते. नोंदणीसाठी यादी छापायची होती. नियम असा, की नावं खिळ्यांत जुळली की हाताने लिहिलेला कागद शेगडीत. यादी आता हातोडीवाल्याच्या कोपराशीच होती, दगडी मेजावरच्या लोखंडी चौकटीत. शिशाची उलटी अक्षरं. त्या टोळक्याला सुलटं वाचतानाच घाम फुटत होता.

उरलेली बोटं गेली तरी बेहत्तर, पण अकरा घरं जळू द्यायची नाहीत, अशी जुळाऱ्याने मनाशी गाठ बांधली.

तेवढ्यात म्होरक्या आत आला. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा. हा जुळाऱ्याच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. उलटं वाचायला मामानेच त्याला याच मेजापाशी शिकवलं होतं, आणि पठ्ठ्या हुशार निघाला होता.

भाच्याचं बोट खालून वर, एकेका ओळीवरून सरकू लागलं. जुळाऱ्याने डोळे मिटून घेतले. सगळ्यात वरच्या ओळीशी बोट थांबलं.

मग भाच्याने अख्खी चौकट उचलून जमिनीवर आपटली. खिळे चौफेर उधळले.

"लग्नपत्रिका आहे," तो खेकसला. "व्हा पुढे."

जाता जाता एकाने यंत्राचा दांडा मोडला, दुसऱ्याने जुळाऱ्याच्या बरगडीत लाथ घातली. भाचा तेवढा मागे रेंगाळला.

"मामा, माझ्या आईला कशाला ओढलंत यात? काढून टाका तिचं नाव."

जुळाऱ्याने रक्त थुंकलं. एवढं होऊनही त्याला भाच्याची दया आली.

"काढू कसं? आम्ही दहा जण तिच्या मागून आलो, लेका. तू पहिल्यांदा रक्ताने भरलेला सदरा धुवायला टाकलास ना, त्याच दिवशी तिनं पक्ष काढला."