चौथा गुडघा

नव्या कृत्रिम गुडघ्यांवर जंतुनाशक लेप होता, त्यामुळे डॉक्टर अगदी निर्धास्त होते. "आता जंतूंची काय बिशाद!" असं ते प्रत्येक पेशंटला हसत सांगायचे. तरीही दोन महिन्यांत तिघांचे गुडघे आतून पिकले, आणि त्यातल्या एका आजोबांचा पाय मांडीपासून कापावा लागला.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिघांचाही पू तपासला. एकच जंतू निघाला, त्या लेपाला मुळीच न जुमानणारा. मग त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या झाडून सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले. "माझंही नाक सोडू नका हं," डॉक्टर गमतीने म्हणाले होते.

आज सकाळी निकाल हाती आला तशा बाई जिना चढत धावतच सुटल्या. डॉक्टर थिएटरबाहेर हात धूत उभे होते. आत चौथ्या पेशंटला टेबलावर घेतलं होतं.

"सर, थांबा," बाईंना धाप लागली होती. "तो जंतू फक्त तुमच्या नाकात सापडलाय."

त्यांनी समोर धरलेला कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला. मग कोपराने नळ बंद केला.

 

"भूल देऊन झालीय, बाई," ते हळूच म्हणाले. "एवढा एक उरकतो, मग बघू."