छताखालचा दहावा

पिंडाला कावळा शिवेना. कराडला कृष्णेच्या घाटावर पाच माणसं मास्क लावून तासभर ताटकळली होती, आणि इकडे नेदरलँड्समधल्या एका रिकाम्या स्टेडियममध्ये उभा राहून आशुतोष ते फोनवर बघत होता. आज त्याच्या वडिलांचा, अण्णांचा दहावा. करोनामुळे विमानं बंद आहेत, असं त्याने घरी सांगितलं होतं.

स्टेडियमचं सरकतं छत चालवणं ही त्याची नोकरी. वर्षभर प्रेक्षकांना बंदी होती, पण छत आठवड्यातून एकदा हलवावंच लागे, नाही तर चाकं जाम होतात. तेवढ्यासाठी तो सकाळी सातलाच आला होता. त्याने टॅबवरचं बटण दाबलं आणि डोक्यावर घरघर सुरू झाली. पन्नास हजार खुर्च्या, माणूस एकटा.

घाटावर धाकटा कुणाल एकेक वचन देऊन थकला होता. आईला सांभाळतो. बहिणीचं लग्न यंदाच उरकतो. पिंपळावरचा कावळा ढिम्म हलेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला, तेव्हा मात्र कुणालला राहवेना. अण्णांचा जीव कशात अडकलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने सरळ फोनच पिंडासमोर धरला.

"दादा, तू शब्द दे."

आशुतोषने घसा खाकरला. "अण्णा, मी कायमचा परत येतो," तो म्हणाला.

कावळ्याने चक्क पाठ फिरवली.

आशुतोषने मान वर केली. छत आता अर्धं उघडलं होतं. उजेडाचा पट्टा गवतावरून सरकत समोरच्या रांगांवर चढला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी तिसऱ्या रांगेतली एक मिटलेली खुर्ची हळूच खाली आली आणि खालीच राहिली. कुणीतरी तिच्यावर टेकलं होतं म्हणावं, तर तिथे कुणी नव्हतं.

 त्याला पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात. अण्णांशी खोटं बोलल्यावर लहानपणीही त्याचं असंच व्हायचं. फोन हातात तसाच राहिला आणि तो त्या खुर्चीशी बोलू लागला.

"अण्णा, विमानं चालू होती. गेलो तर इकडे परत येता येणार नाही, या भीतीने मी आलो नाही. आणि कायमचा तर मी कधीच येणार नाही."

खुर्ची मिटली.

त्याच क्षणी फोनमध्ये गलबला झाला. कावळा पिंडावर होता. गुरुजींनी हात जोडले. पडद्यावर कुणालचा चेहरा आला, डोळे डबडबलेले.

"शिवला रे, दादा. पण तू त्यांना आत्ता काय सांगितलंस? ओठ हलताना दिसले नुसते. मघाशी बोलून झाल्यावर मीटिंगमधल्यासारखा माइक बंद केलास, तो अजून बंदच आहे."