हिरवी खूण

"तुमची मुलगी गेली की!" नोंदणीच्या टेबलावरची बाई स्क्रीनकडे बघत म्हणाली. "चार दहाला, मागच्या दारातून. पालकांनी क्यूआर कोड दाखवला, हिरवी खूण आली."

आईचा मोबाइल तसाच पुढे धरलेला राहिला. त्यावरही तोच कोड होता.

"पालक मी आहे," ती म्हणाली. "मी आत्ता येतेय."

बुद्धिबळाची स्पर्धा नुकतीच संपली होती. सभागृहात मुलं पदकं दाखवत आईबापांकडे धावत होती. टेबलवालीने दिवसभरात तीनशे कोड तपासले होते. तिने हाही तपासला. लाल पट्टी आली: मूल आधीच सोपवले आहे.

"कोड आणखी कुणाला पाठवला होतात?"

"कुणालाच नाही. सकाळी फक्त तिचा फोटो स्टेटसला..." आई थांबली. फोटोत मुलीच्या गळ्यात पास होता, पासावर कोड. आणि आईचं स्टेटस तिची नणंद न चुकता बघायची. "तिचे बाबा," ती कसंबसं बोलली. "कोर्टाने भेटायला मनाई केलीय त्यांना."

दोघी मागच्या दाराकडे पळाल्या.

"साहेबांचा कोड बरोबर निघाला, मी मुलीला हाक मारली," पहारेकरी म्हणाला. "ती म्हणाली, बॅग घेऊन येते. साहेब बराच वेळ उभे होते. मग गर्दी उसळली."

"ती त्यांच्याबरोबर गेली का?"

"गेलीच असेल ना." त्याचा चेहरा उतरला. "बघितलं नाही, ताई."

टेबलवालीने फाटक बंद करायला लावलं, पोलिसांना फोन केला. आई एकेक खोली उघडत सुटली. हाका मारून तिचा घसा बसला. शेवटच्या खोलीत घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या मागे एक लहान बूट हलला.

आई गुडघ्यांवर बसली. "पिल्लू, मी आलेय."

मग अगदी हळू आवाज आला, "तू एकटीच आहेस?"

टेबलवाली दारातून चार पावलं मागे सरली.

"एकटीच आहे गं, राजा." आईने खुर्च्यांच्या फटीतून हात आत घातला.

चिमुकली बोटं त्या हातावरून फिरली. नखं, अंगठी, मनगटावरचा भाजल्याचा डाग त्यांनी चाचपून पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला.