एलीची अंगाई

‘मधे थांबायचं नाही हं, अलका. शब्द चुकला तर चुकू दे, पण सूर सोडायचा नाही. सूर सुटला की पोर डोळे उघडतं.’

एलीने हे सांगितलं त्याला दोन महिनेही झाले नव्हते. शेजारच्या अलकाने तेव्हा ती स्कॉटलंडची अंगाई आपल्या स्तोत्रांच्या वहीत, मागच्या पानावर, देवनागरीत उतरवून घेतली होती. निम्म्या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. एक होडी होती, हेरिंग मासे होते, आणि आपल्या ‘जो जो’सारखं ‘बलू बलू’.

परवा सकाळी इथे सौदीत, जुबैलच्या हॉस्पिटलात, एली तापाने गेली.

आज भर दुपारी पडदे ओढून अलका तीच अंगाई गात होती, आणि तिच्या मांडीवर एलीचा मुलगा फर्गस डोळे फाडून छताकडे बघत होता. चार वर्षांचं पोर. दोन रात्री त्याने अंथरुणाला पाठ टेकली नव्हती. डुलकी आली की दचके, स्वतःच्याच गालावर चापट मारून घेई आणि पुन्हा ताठ बसे. स्कॉटलंडहून आजीने फोनवर गाऊन पाहिलं, तर त्याने रिसीव्हर भिंतीवर आपटला.

दारात त्याचा बाप उभा होता, एवन. बायकोला मायदेशी न्यायच्या कागदांसाठी तो सकाळपासून तीन कचेऱ्या फिरून आला होता. तिन्हीकडे एकच उत्तर, ‘बुकरा.’ उद्या या.

‘डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत झोपला नाही तर दाखल करा. सुई देऊन झोपवू.’ एवन म्हणाला. ‘गा ना, अलका. तू तरी गा. मला त्यातली एक ओळ येत नाही. चार वर्षं ती इथे गात होती, आणि मी पलीकडे टीव्ही बघत होतो.’

अलकाने पुन्हा सुरुवात केली. ‘बलू बलू’पाशी आली तशी फर्गसने दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं.

‘ते नको! ते झोपेचं आहे!’

‘झोपेचंच आहे रे, राजा.’ तिने त्याचे हात हळूच बाजूला केले.

‘डॅडी म्हणाला, मम्मी झोपली. मग कुणी तिला उठवलंच नाही.’

अलकाने एवनकडे पाहिलं. एवनने दाराची चौकट धरली होती.

‘मला दुसरं काही सुचलंच नाही,’ तो पुटपुटला.

क्षणभर तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

‘मम्मी झोपलेली नाही, फर्गस. मम्मी वारली. ते वेगळं असतं. झोपलेलं माणूस उठतं.’

‘मी उठेन?’

‘उठशील.’

‘आणि नाही उठलो तर?’

‘मी उठवीन. मशिदीत पुढची अजान झाली की लगेच.’

‘प्रॉमिस?’

अलकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘प्रॉमिस.’

मग ती गायली. होडी किनाऱ्याला लागायच्या आतच फर्गसचं डोकं तिच्या दंडावर कलंडलं.

दीड तासाने अजान सुरू झाली. बाहेरच्या खोलीत जप करीत बसलेली अलका उठली. एवन तिच्या आडवा आला.

‘नको, अलका. प्लीज. दोन दिवसांनी डोळा लागलाय त्याचा. सकाळपर्यंत झोपू दे.’

‘आत्ता उठला, तरच रात्री झोपेल हो तो.’

एवन हलला नाही. ‘उठला की पुन्हा तिचं विचारील.’

‘विचारील.’

‘मी काय सांगू त्याला?’

‘खरं ते.’

एवन एक पाऊल बाजूला सरला.

अलकाने ओढणीच्या टोकाने डोळे कोरडे केले, आणि अजान संपायच्या आत ती आतल्या खोलीकडे निघाली.